छत्रीशी बोलणारं गाव

डिशची छत्री लावायला दोन माणसं लागतात. एक छत्रीपाशी, एक पडद्यापाशी, आणि दोघांच्या मध्ये आरोळी. छत्रीपाशी असलेला ती सूतभर फिरवतो आणि विचारतो, "आला?" पडद्यापाशी असलेला ओरडतो, "नाय!" पुन्हा सूतभर. "आला?" "आला, आला... गेला! मागं घे!" एवढ्यावर माझं पोट चालतं. लोकांना वाटतं, उपग्रहाचं केवढं मोठं शास्त्र. शास्त्र आहे, नाही असं नाही. सिग्नल दाखवणारा मीटरही आहे माझ्याकडे. पण तो स्वस्तातला. सिग्नल मिळाला की नुसता किंचाळतो, कुठल्या उपग्रहाचा मिळाला ते त्याच्या बापालाही कळत नाही. ते पडद्यावरच कळतं, आणि पडद्यावर काय दिसतंय ते कोणीतरी माणसानेच सांगावं लागतं.

पेणला माझं छोटं दुकान आहे, बिऱ्हाडही तिथेच. घरांवर छत्र्या बसवायचं काम आता फारसं राहिलं नाही. जो तो मोबाईलमध्ये तोंड घालून बसतो. वाढलं ते हे मैदानातलं काम. मोठी मॅच असली की गावोगावच्या मंडळांना ती उघड्यावर, सगळ्यांनी मिळून बघायची असते. मग मी टेम्पोत पडदा, प्रोजेक्टर, सेटटॉप बॉक्स, तिपाईवरची छत्री आणि तिपाई दाबायला रेतीच्या गोणी टाकून निघतो. मोबाईलवर का बघत नाहीत, असं पुण्यामुंबईचे लोक विचारतात. मोबाईलवर मॅच मागून चालते. शेजारच्या गावात फटाके फुटतात तेव्हा आपल्या मोबाईलवर अजून चेंडू बॉलरच्या हातात असतो. शेजारच्या गावाला आपल्याआधी कळलं, हा अपमान आमच्याकडे कोणाला सहन होत नाही. बाकी अपमान सगळे चालतात, विशेषतः दुसऱ्यांचे.

एका वर्षी भातं कापून झाल्यावर रोह्याच्या एका मंडपवाल्याचा फोन आला. आम्ही धाटावच्या कंपन्यांतल्या कामगारांच्या स्पर्धांना बऱ्याचदा जोडीने काम केलं होतं. मंडप, जनरेटर त्याचा, टीव्हीचं सगळं माझं. तो म्हणाला, कबड्डीची मॅच आहे, टीव्हीवरच्या लीगमधली. एका गावचा पोरगा त्यात खेळतोय, गावाला मैदानात बघायची आहे. कासूच्या पुढे, खाडीच्या अंगाला. मग त्याने गावाचं नाव घेतलं. ते माझंच गाव होतं.

"मग तुला काय, घरचंच कार्य," तो हसत म्हणाला. त्याला माहीत नव्हतं. असल्या गोष्टी गाव बाहेर सांगत नाही. आम्हाला गावाने वाळीत टाकलेलं होतं.

कारण सांगतो, म्हणजे गावाचा मोठेपणा कळेल. देवळाला लागून आमची एक जागा आहे. खारं पाणी घुसून तिथे भात होईनासं झालं, तेव्हापासून गावची पोरं तिथे कबड्डी खेळतात. पालखी तिथे टेकते, तमाशाचा फड लागला तर तिथेच लागतो. वडील गेल्यावर ती जागा आईच्या नावावर आली. गावकीने, म्हणजे गावच्या पंचांनी, बैठकीत ठरवलं की जागा आता देवळाच्या नावावर करून टाका. आई म्हणाली, "खेळा, नाचा, पालखी ठेवा, मी कदी नाय म्हटलं काय? पण नाव माझं ऱ्हाऊ दे." एवढंच बोलली. पण बाईमाणूस भर बैठकीत बोललं, हे त्यांना जागेपेक्षा जड झालं. तिथेच ठराव झाला की या घराशी कोणी बोलायचं नाही आणि जो बोलेल तो गावकीचा गुन्हेगार.

वाळीत टाकलं म्हणजे कोणी दगड मारत नाही. गिरणीवाला फक्त सांगतो की गिरणी बिघडली आहे, आणि आई दळणाचा डबा उचलून वळली की गिरणी सुरू होते. गणपतीत आरतीला आई, मी, बायको आणि मुलं. घरात टाळांच्या जोड्या पडून होत्या, वाजवायला हात नव्हते. आम्ही वाळीत होतो, जागा मात्र नव्हती. तिच्यावर पोरं रोज खेळत होती आणि त्यांचा क्रिकेटचा चेंडू आमच्या अंगणात आला तर न बोलता घेऊन जात होती.

आईने हे सगळं गिळलं. तिला एकच गोष्ट गिळता येईना. शेजारची काकी तिच्याशी बोलत नव्हती. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या. मिठागरात जोडीने मीठ ओढलं, जोडीने डोक्यावरून वाहिलं. दोघींच्या अंगणांच्या मध्ये कंबरेएवढी भिंत, आणि त्या भिंतीवरून "जेवलीस काय गो?" हे एवढं तरी दिवसातून दोनदा व्हायचंच. ते बंद झालं. काकीचा तरी काय इलाज? तिच्या पोरी लग्नाच्या होत्या, आणि धाकट्याची कबड्डी गावच्या मंडळाच्या जिवावर उभी होती. मला हे समजतं. समजतं म्हणून राग कमी होत नाही.

कायदा आहे याच्याविरुद्ध. बायको म्हणाली, तक्रार करा. मीही तयार होतो. आई म्हणाली, "पोलीस येतील नि जातील. त्यांच्या धाकानं ती माझ्याशी बोलंल काय? नि बोलली तरी त्या बोलण्याचं मी काय करू?" तक्रार तिथेच राहिली.

टीव्हीवर खेळणार होता तो काकीचा हाच धाकटा. आमच्या पडवीत वाढलेला, आईच्या हातची भाकरी खाऊन मैदानात पळणारा. म्हणून मी ते काम घेतलं. आणखीही एक हिशेब होता डोक्यात. छत्री लावायची तर बोलावंच लागतं. माझ्याशी एकाने बोलायची खोटी, मग दुसरा बोलेल, ठराव आपोआप फाटेल, आणि काकी भिंतीपाशी येऊन आईला हाक मारील. आईला मी यातलं काही सांगितलं नाही. मॅचच्या दिवशी दुपारी टेम्पो गावात घातला तेव्हा मात्र तिने दारातूनच माझ्याकडे असं बघितलं की तिनेही तोच हिशेब मांडलेला असावा.

टेम्पोतून मी उतरलो आणि मैदानावरची कुजबुज थांबली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे हरी अडलेला होता, पण पाय धरले तर विटाळ होईल म्हणून उभा होता. दुसरा छत्रीवाला शोधायला वेळ नव्हता, मॅच संध्याकाळची. पंच देवळाच्या पायरीवर जमले. बराच वेळ डोकी जुळवून झाल्यावर त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा मंडपवाल्यापाशी आला आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणाला, "काम तू घेतलंस. माणूस तुझा हाय. आम्ही बोलू ते तुझ्याशी." मंडपवाला माझ्याकडे बघायला लागला. मी रेतीच्या गोणी उतरवत राहिलो.

छत्रीला आग्नेयेचं आभाळ मोकळं लागतं. आमच्या जागेत आग्नेयेला देवळाचा पिंपळ येतो. फिरून फिरून एकच कोपरा मिळाला, तोही पडद्याच्या रेषेत, पण बाजूला लांब. तिथून पडदा नुसता कडेने दिसत होता, एखादी उभी रेघ असावी तसा. त्याच्यावर काय चाललंय ते मला दिसणं शक्य नव्हतं. त्यात ऊन उतरलेलं नव्हतं आणि उजेडात प्रोजेक्टरचं चित्र इतकं फिकं असतं की पडद्याला नाक लावून बघावं लागतं. मंडपवाला तिथे नाक लावून उभा राहिला. मी पाणसळ धरून तिपाई सरळ केली, छत्री फिरवायला लागलो. "आला?" "नाय!" आमचं असं चाललं असताना त्याचा फोन वाजला. रोह्याच्या एका लग्नात त्याचा जनरेटर बंद पडला होता. त्याने हात वर करून मला खूण केली, मोटारसायकलला किक मारली आणि गेला.

आता पडद्यापाशी गाव होतं आणि छत्रीपाशी मी.

सवयीने मी ओरडलो, "आला?" एवढं माणसांचं मैदान, पण सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. आमचं मिठागरांचं गाव, त्यांना ते जड नाही. मी छत्री सोडून पडद्यापर्यंत चालत गेलो, बघितलं, परत आलो, फिरवली, पुन्हा गेलो. असा मी माझ्याच आईच्या जागेत येरझारा घालत होतो आणि दोन्ही बाजूंना माझ्या वर्गातले, माझ्याबरोबर खाडीत पोहलेले लोक उभे राहून बघत होते. मला वाटलं, छत्री उपटावी, टेम्पोत टाकावी आणि यांना त्या पिंपळाची पानं बघत बसवावं. आई दारात उभी नसती तर तसंच केलं असतं.

मग वेळ जवळ आली तशी त्यांना वाट सापडली. एक जण पडद्याजवळ गेला, आणि आभाळाकडे तोंड करून म्हणाला, "आलाय म्हणायचं, पण अडकतोय." दुसरा त्याला म्हणाला, "मग जरा डावीकडं पायजे, नाय काय?" "डावीकडं पायजे, असं आपलं मला वाटतं." मी छत्री डावीकडे घेतली. "आता बरा हाय म्हणायचा." "बरा हाय, पण थोडा मागं आला तर आणखी बरा." अशी त्यांची आपसात चर्चा चालली होती आणि मी ती ऐकून नट आवळत होतो. काही पोरं हसत होती. मला हसू आलं नाही, आजही येत नाही.

अंधार पडला, चित्र उजळलं. गाव ताडपत्र्यांवर बसलं, बायका एका बाजूला, काकी त्यांच्यात सगळ्यांच्या पुढे, नवं लुगडं नेसून. मी आईला म्हटलं, चल पुढे, जागा तुझी आहे. ती आली, पण पुढे नाही. पडद्याच्या मागच्या अंगाला जो बांध आहे त्याच्यावर जाऊन बसली. पडदा कापडाचा, चित्र मागूनही दिसतं, पण उलटं. उजवा हात डावा होतो, आकडे वाचता येत नाहीत. मी म्हटलं, "तिथून तुला काय कळणार?" ती म्हणाली, "अरं, तो उलटा चढला तरी पाय वळखते मी त्याचे." तिच्या शेजारी बसायची वेळ कोणावर येऊ नये, म्हणून ती तिथे बसली होती. छत्रीपाशी उभा राहून मला दोन्ही दिसत होतं, पडद्याच्या पुढे सगळं गाव आणि मागे माझी आई.

मॅच चांगली झाली म्हणतात. मला ती माणसांच्या तोंडांवर दिसली. धाकट्याने एक मोठी पकड केली तेव्हा मैदान उसळलं, नाचणाऱ्या पोरांपैकी कोणाचा तरी पाय केबलमध्ये अडकला, तिपाई मुरडली आणि चित्र गोठलं. मॅच संपत आली होती आणि गुण बरोबरीत होते. मग सगळं मैदान माझ्याकडे वळलं.

"अरं फिरव! फिरव की!" "डावीकडं घे!" "तिकडं नाय, वर, वर!" "आला! गेला! अरं, तू घाई करू नको, सावकाश घे!" सगळे एकदम बोलत होते, माझ्या नावाने, माझ्याकडे बघून. म्हाताऱ्या पंचाने तर मला लहानपणीच्या नावाने हाक मारली, जे नाव वडील गेल्यापासून मी ऐकलं नव्हतं. "आला रं! आता हलू नको. धरून ठेव तसाच!" तिपाईचा पाय वाकला होता, छत्री हातांनीच धरून उभं राहावं लागणार होतं. मी उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. मला वाटलं, फुटलं एकदाचं हे.

शेवटची चढाई काकीच्या धाकट्याची होती. माझ्या बाजूने मला एवढंच दिसलं की काकी ताडपत्रीवरून उठली. तिला बघवेना. पदर तोंडावर घेऊन ती बायकांतून वाट काढत निघाली आणि पडद्याच्या कडेने वळून मागे गेली, पोराची चढाई दिसू नये म्हणून. मागेही तीच चढाई चाललेली, उलटी. आणि बांधावर आई. काकी थबकली. आईने बांधावर हात ठेवून जागा दाखवली. काकी बसली, तिने आईचा हात दोन्ही हातांत धरला आणि दोघी पडद्याकडे बघू लागल्या. काकीचे ओठ हलल्यासारखे वाटले. काय बोलली ते मी आईला नंतर विचारलं. पोराचं काही म्हणाली असेल असं मला वाटत होतं. आई म्हणाली, "जेवलीस काय, इचारलंन."

धाकट्याने एकाला बाद केलं, रेघ गाठली, मॅच जिंकली. फटाके, ढोल, गुलाल. पोरांना आता त्याच्या आईला खांद्यावर घ्यायचं होतं. "काकी कुठं हाय?" करत ढोलवाले पडद्यामागे धावले, आणि तिथे काकी माझ्या आईच्या गळ्यात पडून रडत होती. ढोल थांबला. कोणीतरी म्हणालं, "चल गो, हार घालायचाय तुला." काकी उठली, डोळे पुसले आणि मागे न बघता त्यांच्याबरोबर गेली.

त्या रात्री मी आईकडेच राहिलो. तिपाई सरळ करायची होती, आणि सकाळी गाव कसं बोलतं ते ऐकायचं होतं. सकाळी देवळात बैठक बसली. देऊळ आमच्या ओटीपासून हाकेच्या अंतरावर, शब्द न् शब्द ऐकू येत होता. काकी आमच्या घराशी बोलली, याची चौकशी. एका भल्या माणसाने म्हटलं, "तसे काल आपण सगळेच बोललो त्याच्याशी." मी ओटीवर उठून उभा राहिलो. मग म्हाताऱ्याचा आवाज आला. "त्याच्याशी कोण बोललं? फिरव म्हटलं, वर घे म्हटलं, ते छत्रीचं काम होतं. आपण छत्रीशी बोललो." सगळ्यांना ते पटलं. हुश्श केलेलं मला ऐकू आलं. "हिनं मात्र गळ्यात गळा घातलान." ठरलं ते असं की काकीने संध्याकाळी देवळात नारळ घेऊन उभं राहायचं, सगळ्यांसमोर चुकले म्हणायचं आणि त्या नारळाची शेरणी, म्हणजे खोबऱ्याचा प्रसाद, घरोघर वाटायची.

सगळेच सुटले असते, नाहीतर सगळेच अडकले असते, तर मला एवढं लागलं नसतं. माझ्याशी बोललेलं सगळं गाव सुटलं आणि आईशी बोललेली एक बाई अडकली.

दुपारभर काकी तिच्या अंगणात भिंतीला पाठ लावून बसून होती. जाणार नाही, असं तिने घरात सांगितलं असावं; आतून कोणीतरी तिच्यावर चढ्या आवाजात बोलत होतं. मला बरं वाटलं. निदान एक माणूस या गावात आहे म्हटलं. तेवढ्यात आई उठून भिंतीपाशी गेली आणि काकीच्या पाठीला म्हणाली, "जा गो. पोराचं एवढं नाव झालं, नि तू कशाला माझ्यापायी भायेर पडतेस? चुकले म्हण, मोकळी हो." काकीने मान वर केली नाही. मी आईवर ओरडलो. म्हटलं, एवढं सोसून एक माणूस तुझ्या बाजूने उभं राहतंय आणि तूच तिला ढकलतेस? ती म्हणाली, "एक घर भायेर हाय तेवढं पुरं. दोन घरं भायेर बसून काय करतील, एकमेकींची तोंडं बघतील?" मला वाटतं, तिला तेच हवं होतं. पण ते तिने काकीकडून घेतलं नाही.

संध्याकाळी देवळाची घंटा वाजली. काकीचा आवाज आला नाही, फक्त नारळ फुटल्याचा आला. थोड्या वेळाने ती ताट घेऊन आमच्या आळीत आली. एक एक दार करत, प्रत्येक घरातल्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत. माणसं तुकडा कपाळाला लावून तोंडात टाकत होती. आमच्या आधीचं दार झालं. आई आमच्या दारात उभी होती, आणि शेरणी येताना दिसली की हात जसा आपोआप पुढे होतो तसा तिचा हात पुढे झाला होता. काकी ताटावरची नजर न काढता समोरून पुढच्या दाराला गेली. आईने तो रिकामा हात तसाच कपाळाला लावला आणि आत गेली.